गेटवर नोटीस चिकटली, आता काय? नागपुरातल्या नव्या प्लॉट-घरवाल्यांसाठी

नागपुरात पहिल्यांदा प्लॉट घेणारा माणूस तीन शब्द पाठ करून येतो, एनए (जमीन बिगरशेती झालेली), टीपी (नगररचनेची मंजुरी) आणि आरएल (रिलीज लेटर). ब्रोकरही तेच तीन शब्द सांगतो, आणि रजिस्ट्री झाली की आपल्याला वाटतं आता आपण आपल्या जागेचे राजे. मग कधीतरी डीपीच्या, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याच्या नकाशात आपल्याच प्लॉटवर शाळेचं मैदान निघतं, नाहीतर रोड रुंदीकरणाची लाल रेघ आपल्या हॉलमधून जाते, नाहीतर सकाळी दूध घ्यायला बाहेर पडलो तर गेटवर कागद चिकटवलेला असतो. त्या दिवशी डोकं चालत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. म्हणून डोकं थंड असतानाच हे वाचून ठेवा. मी वकील नाही, वडिलांच्या एका प्लॉटपायी पंधरा वर्षं या ऑफिसमधून त्या ऑफिसात फिरलेला माणूस आहे, आणि त्या फिरण्यात जे कळलं तेच इथं लिहितोय.

आधी मुळातली एक गोष्ट. आपल्या घटनेत मालमत्तेचा हक्क पूर्वी मूलभूत हक्क होता, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं तो त्या यादीतून काढला आणि अनुच्छेद ३००अ मध्ये ठेवला. तिथं एकच वाक्य आहे, कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. बरेच लोक म्हणतात की मग हक्क गेलाच ना राव, आता सरकार काहीही करू शकतं. तसं नाहीये. फरक एवढाच पडला की फक्त मालमत्तेसाठी थेट सुप्रीम कोर्टात अनुच्छेद ३२ खाली जाता येत नाही, पण हायकोर्टात अनुच्छेद २२६ खाली जाता येतं आणि आपलं हायकोर्टाचं खंडपीठ तर सिव्हिल लाईन्सलाच आहे, मुंबईला जायचीही गरज नाही. शिवाय २०२४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं कोलकाता महापालिकेच्या एका खटल्यात ३००अ च्या त्या एका वाक्यात काय काय येतं ते फोडून सांगितलं: आधी नोटीस, मग आपलं म्हणणं ऐकणं, कारणं देऊन आदेश, सार्वजनिक कामासाठीच संपादन, योग्य भरपाई, प्रक्रिया नीट आणि वेळेत, आणि शेवटी ती पूर्ण करून ताबा. या सात गोष्टी एका कागदावर लिहून फाईलच्या पहिल्या पानाला लावा. कोणताही साहेब समोर आला की मनातल्या मनात एवढंच तपासायचं, यातलं याने काय केलं आणि काय गाळलं.

पहिलं काम : फोटो काढा, मग वाचा

नोटीस फाडून घरात आणू नका. आधी जिथं चिकटवलीय तिथंच फोटो काढा, घर दिसेल असा एक आणि मजकूर वाचता येईल असा एक. आमच्या शेजारच्या काकू मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या होत्या, नोटीस चिकटली सोमवारी, त्या आल्या रविवारी, आणि कागदावर तारीख होती त्याच्याही आधीच्या आठवड्यातली. समोरच्या पोरानं सोमवारी सहज व्हॉट्सॲपवर फोटो टाकला होता म्हणून नोटीस खरी कधी लागली ते दाखवता आलं, नाहीतर मुदत संपली म्हणून विषय मिटला असता.

मग वाचताना चार गोष्टी शोधा. कोणत्या ऑफिसची आहे, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे, मुदत किती दिलीय, आणि सही कोणाची. ऑफिस कोणतं हे नागपुरात वाटतं तितकं सोपं नाही. महानगरपालिका वेगळी, नागपूर सुधार प्रन्यास म्हणजे आपली एनआयटी वेगळी (ही १९३६ च्या स्वतःच्या कायद्यावर चालते, आणि आरएल म्हणजे तिनं आपल्या योजनेतून तुमचा प्लॉट मोकळा केल्याचं पत्र), शहराबाहेरच्या गावांसाठी २०१७ पासून एनएमआरडीए, आणि जमीन नझुलची असेल तर मालक सरकारच, तुम्ही पट्टेदार, तिथं कलेक्टर ऑफिसशी गाठ. चुकीच्या ऑफिसात सहा महिने चकरा मारणारे मी पाहिलेत, हुशार शिकलेले लोक.

कलमांमधली नेहमीची ओळख करून घ्या. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६. त्याचं ५३ म्हणजे विनापरवानगी झालेलं बांधकाम काढा, ५४ म्हणजे चालू काम थांबवा. महापालिका अधिनियमाचं २६० हेही अनधिकृत बांधकामाचंच, आणि २६४ म्हणजे इमारत धोकादायक झालीय. २६४ ला हलक्यात घेऊ नका, तिथं भांडण नंतर, आधी म्हाताऱ्या माणसांना दुसरीकडे हलवा.

दुसरं काम : फाईल

घरात सगळे कागद असतात पण एका जागी नसतात. रजिस्ट्री कपाटात, टॅक्सच्या पावत्या देवघराच्या खाली, आणि मंजूर नकाशा त्या आर्किटेक्टकडे जो आता फोन उचलत नाही. एक फाईल करा. तिच्यात विक्रीपत्र, आखीव पत्रिका म्हणजे सिटी सर्व्हेचं मालकीपत्रक (सिटी सर्व्हेत नसेल तर सातबारा), आरएल, मंजूर लेआउटचा नकाशा, बांधकाम परवानगी आणि त्यासोबतचा नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र असेल तर ते, आणि नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा. शेवटचे दोन बहुतेकांकडे नसतात, आणि प्लॉटवर आरक्षण आहे की नाही, म्हणजे तो रस्ता, शाळा, मैदान अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलाय का, हे त्यातूनच कळतं. प्लॉट घेण्याआधी घ्यायचे ते कागद आपण भांडण लागल्यावर काढतो.

आणि हो, घरटॅक्सची पावती आणि लाईटचं बिल म्हणजे परवानगी नव्हे. तीस वर्षं टॅक्स भरतोय साहेब, हे वाक्य प्रत्येक सुनावणीत कोणीतरी म्हणतंच. टॅक्स बांधकामावर लागतो, ते अधिकृत असो की नसो. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं उत्तर प्रदेशातल्या एका खटल्यात स्पष्ट सांगितलं की बांधकाम जुनं आहे किंवा अधिकारी इतकी वर्षं गप्प बसले म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. त्यामुळं आपल्या घरात कुठं पाणी मुरतंय ते आधी स्वतःला खरं सांगा. मागचा मार्जिन, म्हणजे नियमानं मोकळी सोडायची जागा, झाकून खोली काढली असेल तर काढली. ते लपवून हक्काच्या गोष्टी केल्या तर पहिल्याच मोजणीत फजिती होते.

गुंठेवारीवाल्यांची गोष्ट जरा वेगळी आहे. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट, त्यांच्यासाठी २००१ चा कायदा आहे, आधी १ जानेवारी २००१ पूर्वीच्यांना धरत होता, २०२१ मध्ये ती रेघ ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढं आणली. नागपुरात ५७२ आणि १९०० लेआउट हे शब्द ऐकलेच असतील, अनधिकृत लेआउटच्या याद्या अशा आकड्यांनी ओळखतात, ते याच भानगडीतले. अर्ज केला असेल तर त्याची पोच आणि डिमांड भरल्याची पावती फाईलमध्ये सगळ्यात वर.

तिसरं काम : उत्तर, लेखी, मुदतीत, शिक्क्यासह

इथंच बहुतेक लोक हरतात. नगरसेवकाला फोन करतात, ओळखीच्या इंजिनियरला भेटतात, तो म्हणतो "टेन्शन नका घेऊ भाऊ, मी पाहून घेतो", आणि मुदत निघून जाते. नगरसेवकाला फोन करा, हरकत नाही, पण आधी उत्तर देऊन या.

उत्तर लांबलचक नको. नोटीस अमुक तारखेला मिळाली, जागेचे हे कागद जोडलेत, तुमचं म्हणणं या कारणानं चूक आहे, मोजणीचा अहवाल आणि पंचनाम्याची प्रत द्या, आणि निर्णयाआधी मला प्रत्यक्ष सुनावणी द्या. ५३ ची नोटीस असेल आणि बांधकाम नियमात बसण्यासारखं असेल तर अजून एक हत्यार आहे: नोटिशीच्या मुदतीतच कलम ४४ खाली ते बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीचा अर्ज. ५३ च्या पोटकलम ३ मध्ये लिहिलंय की त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीच्या जोरावर बांधकामाला हात लावता येत नाही. याला अट एकच, मुदतीत. एक दिवस उशीर झाला की साहेबाला नाही म्हणायला जागा मिळाली.

आता आवक टेबल. माझा पहिला दिवस अजून आठवतो. खिडकीतल्या बाईंनी कागद घेतला आणि म्हणाल्या, "ठेवून द्या, साहेब आले की देते." मी ठेवून आलो. तीन महिन्यांनी विचारायला गेलो तर असा कोणता अर्जच नाही. आता मी दोन प्रती नेतो, एक त्यांची आणि एक माझी ओसी म्हणजे ऑफिस कॉपी, आणि ओसीवर जांभळ्या शाईचा गोल शिक्का, आवक नंबर आणि तारीख पडल्याशिवाय खिडकीसमोरून हलत नाही. "ओसीवर मारून द्या ना ताई" एवढंच हसून म्हणायचं, मागं रांग असली तरी. नंबर नुसता पेनानं लिहिला असेल तर शिक्का मागायचा. नाहीच घेतला कोणी, तर त्याच दिवशी पोस्टानं, पोचपावतीसह, आणि ईमेलही. कुरिअर नको.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाकून द्या, १० रुपये, ३० दिवसांत उत्तर. त्यात तक्रार लिहू नका, फक्त कागद मागा: माझ्या मालमत्तेच्या फाईलमधली टिप्पणी (अधिकाऱ्यांनी आतल्या आत लिहिलेले शेरे), मोजणी नकाशा, नोटीस काढण्याचा आदेश. बऱ्याचदा आपल्यावर कारवाई का झाली हे टिप्पणीतच कळतं, शेजाऱ्याचं नाव निघतं.

बुलडोझर येणार असं वाटलं तर

१३ नोव्हेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल प्रिंट काढून घरात ठेवा, गंमत नाही करत. त्यात सगळ्या देशासाठी नियम घालून दिलेत. कारणे दाखवा नोटीस दिल्यावर किमान १५ दिवस (स्थानिक कायद्यात जास्त असतील तर तेवढे), नोटीस रजिस्टर्ड पोस्टानं आणि घरावर चिकटवून अशी दोन्हीकडून, कलेक्टर ऑफिसला ईमेलनं कळवणं, प्रत्यक्ष सुनावणी, आदेशात पाडण्याशिवाय दुसरा मार्ग का नाही याचं कारण, आदेशानंतर पुन्हा १५ दिवस म्हणजे माणसाला स्वतः काढायची किंवा कोर्टात जायची सवड, पाडताना व्हिडिओ. आणि नियम मोडून पाडलं तर त्या अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. यातून वगळलंय ते रस्ता, फूटपाथ, रेल्वेलाईनला लागून, नदी-तलाव अशा ठिकाणचं अतिक्रमण आणि कोर्टानंच पाडायला सांगितलेलं.

हे कागदावरचं झालं. आपल्याच शहरात २४ मार्च २०२५ ला काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. दंगलीतल्या आरोपींशी संबंधित घरांवर बुलडोझर गेला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं त्याच दिवशी स्थगिती दिली, पण तोवर एक घर पडलेलं होतं. पुढं महापालिका आयुक्तांनी कोर्टात बिनशर्त माफी मागितली आणि सांगितलं की सुप्रीम कोर्टाचे ते निर्देश अधिकाऱ्यांना माहीत नव्हते. त्या आरोपींबद्दल तुमचं मत काहीही असू द्या, मी त्यात पडत नाही, त्यांचा निकाल फौजदारी कोर्ट लावेल. माझ्यासारख्यानं त्यातून एवढंच घेतलं की समोरच्याला कायदा माहीत असेल हे गृहीत धरायचं नाही, आपल्या उत्तरात तो निकाल तारखेसकट आपणच लिहायचा. माहीत नव्हतं म्हणायला मग कोणाला जागा राहत नाही.

मोजणीला माणसं आली तर ओळखपत्र मागा, नाव लिहून घ्या, राहत्या घरात शिरायचं असेल तर एमआरटीपीत आधी २४ तासांची लेखी सूचना आहे. शांतपणे मागा. आरडाओरडा, धक्काबुक्की झाली की शासकीय कामात अडथळा म्हणून तुमच्यावरच गुन्हा आणि मूळ विषय बाजूला.

आरक्षणाचा प्लॉट : इथं सगळ्यात जास्त धीर लागतो

आता माझी गोष्ट. वडिलांनी एका गृहनिर्माण संस्थेच्या लेआउटमध्ये दीड हजार फुटाचा प्लॉट घेतला होता, बैलगाडीनं विटा आणाव्या लागायच्या अशा भागात. पुढं डीपी आला आणि प्लॉटवर मैदानाचं आरक्षण. विकता येत नाही म्हणजे कागदावर येतं पण घेणार कोण, बांधता येत नाही, बँक लोन देत नाही, आणि सरकार पैसे देऊन घेतही नाही. मैदान म्हणून तिथं काय आहे तर बाभळी आणि उन्हाळ्यात पोरांची क्रिकेटची पिच. तेवढं मैदान झालंय म्हणा.

यासाठी एमआरटीपीचं कलम १२७. अंतिम डीपी अमलात आल्यापासून १० वर्षांत ती जमीन संपादन केली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, घ्या नाहीतर सोडा. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत (आधी ही मुदत कमी होती, २०१५ मध्ये वाढवली) घेतली नाही किंवा घेण्यासाठी पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, आणि शेजारच्या जमिनीवर जे करता येतं ते तुमच्या जमिनीवरही करता येतं. आता "पावलं उचलली" म्हणजे काय यावर सगळं भांडण. दोन वर्षं संपत आली की ऑफिस एक ठराव करतं किंवा वर एक पत्र पाठवतं आणि म्हणतं उचललं ना पाऊल. गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००७ मध्येच सांगून टाकलंय की नुसता ठराव, पत्र, प्रस्ताव पुरत नाही, कलम १२६ खालची संपादनाची घोषणा निघायला हवी.

मी काय चुकलो ते सांगतो म्हणजे तुम्ही चुकणार नाही. नोटिशीसोबत मालकी दाखवणारे कागद जोडायचे असतात. मी जोडलं काय, तर वडिलांच्या नावाचं विक्रीपत्र. वडील जाऊन चार वर्षं झाली होती, आखीव पत्रिकेवर वारसांची नोंद केलीच नव्हती, बहिणीच्या सह्या राहिल्या होत्या कारण ती अमरावतीला आणि मी म्हटलं दिवाळीला येईल तेव्हा घेऊ. बराच काळ गेल्यावर एका ओळीचं उत्तर आलं, अर्जदाराची मालकी सिद्ध होत नाही. म्हणजे घड्याळ चालूच झालं नव्हतं. आधी वारसान फेरफार, मग सगळ्या वारसांच्या सह्यांची नवी नोटीस, मग पुन्हा २४ महिने पहिल्यापासून. बहिणीनं मला त्यावरून आजपर्यंत सोडलेलं नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आखीव पत्रिका आपल्या नावावर, झोन दाखला आणि भाग नकाशा, डीपी अमलात आल्याची तारीख राजपत्रातून (१० वर्षं पूर्ण व्हायच्या आधी दिलेली नोटीस बाद होते), मग सगळ्या सहमालकांच्या सह्यांची नोटीस महापालिका किंवा एनआयटी जे नियोजन प्राधिकरण असेल त्याला, आणि ज्या खात्यासाठी आरक्षण आहे त्यालाही एक प्रत. मिळाल्याची तारीख कॅलेंडरवर.

मधल्या काळात ऑफिसमधून सुचवतात की पैशांऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, घेऊन टाका. वाईट नाही, मोठ्या प्लॉटवाल्यांना बरंही पडतं, पण १२६ मध्ये टीडीआर हा कराराचा मार्ग आहे, म्हणजे तुम्ही हो म्हटलं तरच. छोट्या प्लॉटचा टीडीआर घेऊन आपण करायचं काय, विकायलाच बिल्डर शोधत फिरायचं. आधी आजचा टीडीआरचा भाव दोन-तीन ठिकाणी विचारा, मग सही.

आणि नवीन प्रारूप डीपी जाहीर झाला की हरकत लेखी नोंदवाच, राजपत्रातल्या मुदतीत, आणि नियोजन समितीपुढं सुनावणीला स्वतः जा. तेव्हा एका कागदानं जे होतं त्याला नंतर पंधरा वर्षं लागतात.

भूसंपादनाची नोटीस असेल तर

मिहान या विमानतळाजवळच्या कार्गो-सेझ प्रकल्पाच्या वेळी शिवणगाव-खापरीकडच्या लोकांनी जे भोगलं ते जुन्या कायद्यातलं. १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा आहे. त्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवसांत हरकत, बाजारभावाच्या रकमेवर तेवढीच रक्कम दिलासा म्हणून, आणि झाडं, विहीर, बांधकाम वेगळं. पैसे घेताना "हरकत राखून" स्वीकारले असं लिहूनच सही करा, नाहीतर वाढीव भरपाईचा दावा अडतो. संयुक्त मोजणीच्या दिवशी शेतात हजर रहा आणि संत्र्याची झाडं स्वतः मोजा, त्यांच्याबरोबर, एक एक करून, लहान कलमांसकट.

कोर्ट

दिवाणी कोर्टाच्या वाटेत एमआरटीपीचं कलम १४९ (ऑफिसचे आदेश अंतिम, त्यावर दावा नाही) आडवं येतं, म्हणून तातडीची स्थगिती हवी असेल तर हायकोर्टात रिट याचिका. जाताना वकिलाला नुसती कहाणी सांगू नका, तारखांचा एक कागद द्या, कोणत्या दिवशी काय मिळालं आणि आपण काय दिलं, बाजूला आवक नंबर. खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, महिलांना तिथं उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, त्यामुळं घर काकूंच्या नावावर असेल तर अर्ज काकूंच्याच नावानं करा. दाखला, नकाशा अशी साधी सेवा अडवून ठेवली असेल तर कोर्टाआधी २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अपील करा, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथंही बऱ्याच फाईली हलतात.

एक मात्र सांगतो, नाल्याच्या काठावर भिंत सरकवून वर मालमत्तेच्या स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्यांसाठी यातलं काही नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा खालच्या वस्त्यांमध्ये लोकांचे फ्रिज तरंगत होते. नाल्याकाठी बांधू नका हा निर्बंध दुसऱ्याचं घर वाचवण्यासाठी असतो.

माझी दुसरी नोटीस पोचली, २४ महिने गेले, १२६ ची घोषणा काही निघाली नाही. आता आरक्षण व्यपगत झाल्याची अधिसूचना राजपत्रात यावी म्हणून मागं लागलोय, कारण ती आल्याशिवाय नकाशावरचा हिरवा रंग जात नाही आणि रंग आहे तोवर बांधकामाचा अर्ज घेत नाहीत. दीड हजार फूट म्हणजे १३९ चौरस मीटर. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला कागद आणि शुल्क जमा केल्याची पोच हीच परवानगी धरतात, त्याच्यावर ३०० पर्यंत १० दिवसांत. आर्किटेक्टकडून दोन खोल्यांचा नकाशा काढून ठेवलाय, बहिणीनं त्यात स्वयंपाकघर पूर्वेला करून घेतलं.